आकड्याच्या ओळी

सहा वर्षांत थोरलीने चौतीस मयतांवर पोथी वाचली होती. त्यांतलं एक तिच्या नवऱ्याचं.

थोरलीच्या समाजात कुणी गेलं की बाकी सगळं मागाहून, आधी पोथी. मयताच्या उशाशी बसायचं आणि त्याला पुढची वाट वाचून दाखवायची. कुठे वळायचं, कुठे थांबायचं नाही, वाटेत कोण हाक मारील आणि कुणाला ओ द्यायची नाही. पोथीची भाषा आता कुणी बोलत नव्हतं आणि अक्षरंही फक्त पोथीतच उरली होती. शहराच्या त्या भागात त्यांची शे-सव्वाशे घरं असतील. एवढ्या घरांत पोथी वाचता येणारा माणूस एकच, थोरलीचे बाबा. पोथ्या नऊ. त्या बाबांच्या कपाटात वरच्या खणात, मेणकापडात गुंडाळलेल्या असायच्या. जाड, पिवळा कागद, काजळीची शाई, आणि कडांना दीडशे वर्षांच्या बोटांचा मळ.

बाबांनी हयातभर टपाल कचेरीत पत्रं वेगळी केली. तिथून निवृत्त झाले, पण पोथीतून निवृत्ती नव्हती. लोक त्यांना फार मानायचे. दारात कुणी आलं की बाबा आधी त्याला हसवायचे, मग त्याचं रडणं ऐकून घ्यायचे. सगळे म्हणायचे, असा माणूस लाखात एक. घरात तो लाखातला एक माणूस थोरलीने पुसलेल्या टेबलावरून बोट फिरवायचा आणि ते बोट तिच्या डोळ्यांसमोर धरायचा. 

आई लवकर गेली. धाकटा भाऊ शिकून दुसऱ्या शहरात गेला आणि तिथे गाडी चालवायला शिकवण्याची शाळा काढून बसला. थोरली एका बाइंडिंगच्या कारखान्यात होती. छापून आलेल्या कागदांच्या घड्या जुळवायच्या, शिवायच्या, पाठीला सरस लावायचा. लग्न झालं तेव्हा नवरा म्हणाला, तुझ्या बाबांना एकटं कसं ठेवायचं. म्हणून तोच इकडे राहायला आला. लिफ्ट दुरुस्त करायचा. बाबा त्याला ‘वरखाली’ म्हणायचे. तो हसायचा.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि डाव्यालाही कमी दिसू लागलं, तेव्हा पोथीचा प्रश्न आला. त्यांनी आधी धाकट्याला विचारलं. धाकटा फोनवर म्हणाला, “बाबा, मला साधं वर्तमानपत्र वाचताना झोप येते. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.” बाबा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी थोरलीला म्हणाले, “बस इथे. तूर्तास तू.”

तिला अक्षरं भराभर आली. कामावरून परत आली की संध्याकाळी तास-दीड तास. तीन महिन्यांत ती अडखळत का होईना, वाचू लागली. अक्षरांबरोबर खुणाही होत्या. लाल ठिपका असेल तिथे मोठ्याने वाचायचं. काळा ठिपका असेल तिथे श्वास घ्यायचा. आणि प्रत्येक पानावर सात-आठ ओळींच्या सुरुवातीला एक बारीक आकडा काढलेला, कपडे अडकवायच्या आकड्यासारखा.

“हे काय?” तिने विचारलं.

“चुका. लिहिणाऱ्याच्या.”

“एवढ्या?”

“माणसंच होती ती, तुझ्यासारखी. कागद महाग, खोडायला जागा नाही. चुकलेल्या ओळीपुढे आकडा काढायचे आणि पुढे लिहायचे. आकडा दिसला की ती ओळ ओलांडायची.”

कारखान्यात तिच्या हाताखालून रोज तपासलेली प्रुफं जायची, तांबड्या रेघोट्यांनी भरलेली. तिला त्यात नवल वाटलं नाही.

लोकांसमोर तिला पहिल्यांदा उभं करताना बाबा म्हणाले, “ही आमची बदली. कायम होईपर्यंत सांभाळून घ्या.” लोक हसले. तेव्हापासून ते तिला बदलीच म्हणायचे. लोकही म्हणू लागले, पण प्रेमाने.

तिचा आवाज खालचा आणि सरळ होता. ती वाचायला बसली की खोलीतली मुसमुस थांबायची. पुरुष दाराशी टोप्या हातात घेऊन उभे राहायचे. वाचून उठली की कुणी तरी तिचे हात धरायचं आणि म्हणायचं, “ऐकलं असेल हं त्यांनी.” कारखान्यातून हाफ डे टाकून ती धावत जायची, कधी सरसाचा वास हाताला तसाच. बाबा दर वेळी खुर्ची टाकून जवळ बसायचे, डोळे मिटून ऐकायचे. घरी परतताना चुका सांगायचे. “तिसऱ्या पानावर घाई केलीस.” “खोकलीस कशाला?” आकड्यांबद्दल कधी काही बोलले नाहीत.

नवरा चार दिवसांच्या तापाने गेला. सकाळी इस्पितळात नेला तो जिवंत परत आला नाही. तिने विचारलं, “बाबा, आज तुम्ही वाचता का?” पानं त्यांना दिसत नव्हती, पण अर्ध्याच्या वर त्यांना पाठ होतं. बाबा म्हणाले, “काम आहे ते. आपलं-परकं करायचं नाही.” वाचणाऱ्याने रडायचं नसतं. ती दोन तास रडली नाही. बाबा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. वाचन संपल्यावर तिच्या खांद्याला धरून उठले आणि म्हणाले, “आवाज बरा लागला आज.”

त्या वाक्यावर ती वर्षभर जगली.

*

मग संग्रहालयाकडून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, बोलायला फार मऊ. जुन्या पोथ्या आणि त्या वाचायची रीत, दोन्ही जपून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. पोथ्यांचे फोटो घेणार होत्या आणि वाचनाचं रेकॉर्डिंग करणार होत्या. म्हणाल्या, “पानं टिकतात हो. पण ती कशी वाचायची हे माणसाबरोबर जातं. ते आम्हाला हवंय.” त्यांच्याकडे एक छापील अर्ज होता. त्यात ज्ञान जपणाऱ्याचं नाव आणि खाली त्याच्या वारसाचं.

बाबांनी पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव सांगितलं, दुसऱ्यात धाकट्याचं.

बाईंनी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या थोरलीकडे पाहिलं. “आणि या ताई? लोक तर म्हणाले की सध्या त्याच वाचतात.”

“ती पानं उलटते,” बाबा म्हणाले.

थोरलीने कप खाली ठेवले. तिला वाटलं, म्हातारपण आहे, मुलाचा मोह कुणाला सुटलाय. धाकट्याला फोन करायला त्यांनी तिलाच सांगितलं. धाकटा आला. या वेळी नाही म्हणाला नाही. संग्रहालयात फोटो लागणार, खाली नाव येणार, आणि बाबा पहिल्यांदाच काही मागत होते.

रेकॉर्डिंग तीन दुपारी चाललं. बाहेरच्या खोलीत खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद, टेबलावर छोटं यंत्र. बाबांनी थोरलीला सांगितलं, “तू आत बस. पानं हा उलटेल.” ती स्वयंपाकघरात बसली. मधलं दार पातळ होतं. बाबांना दिसत नव्हतं म्हणून बाई मोठं केलेलं पान पडद्यावर त्यांच्या नाकासमोर धरायच्या, आणि उरलेलं ते पाठ म्हणायचे. आवाज चिरका झाला होता, पण अजून खडा होता. थोरली ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणत होती.

पहिल्या पानाच्या चौथ्या ओळीवर तिचे ओठ पुढे गेले आणि बाबा मागे राहिले.

ते आकड्याची ओळ वाचत होते.

“इथे नीट बघ,” ते धाकट्याला सांगत होते. “आकडा. आकडा दिसला की आवाज बंद. मयताच्या कानाशी वाकायचं, त्याचं नाव घ्यायचं, आणि ही ओळ कानातच म्हणायची. दुसऱ्या कुणाला ऐकू जाता कामा नये. आज यंत्रासाठी मोठ्याने म्हणतोय. बाकीची पोथी म्हणजे नुसतं वाटेचं वर्णन, ते थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालतं. या ओळींनी माणूस सुटतो. एकेका आकड्याला त्याचं नाव एकेका गाठीतून सोडवायचं. नाव सुटलं नाही तर घरातल्या कुणीही हाक मारली की तो मागे फिरतो. पुढे जाता येत नाही आणि आत येता येत नाही. दारातच उभा राहतो.”

“किती दिवस?” धाकट्याने विचारलं.

“दिवस कसले?” बाबा म्हणाले.

बाईंनी विचारलं, “म्हणजे या ओळी सगळ्यात महत्त्वाच्या?”

“याच पोथी आहेत. बाकी सगळं वेष्टन.”

थोरली स्टुलावर बसून होती. गॅसवरचं पाणी उकळून उकळून आटलं आणि भांडं तडतडू लागलं, तेव्हा तिने हाताने ते उचललं. हात भाजला. तिने तो नळाखाली धरला. पाण्याचा आवाज यंत्रात जाईल म्हणून लगेच नळ बंद केला.

उरलेल्या दोन दुपारी ती त्याच स्टुलावर बसली. आकड्याच्या सगळ्या ओळी तिने ऐकल्या. कुठे एकदा नाव घ्यायचं, कुठे दोनदा, कुठे श्वास रोखून. अक्षरं तिला येतच होती. तिसऱ्या दुपारी ती पुरती शिकली होती.

*

बाई यंत्र घेऊन गेल्या, धाकटा रात्रीच्या गाडीने परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहात पाव बुडवून खात होते. थोरली समोर बसली.

“त्या चुका नव्हत्या,” ती म्हणाली.

बाबांनी पाव चावून गिळला. “ऐकत होतीस होय. मला वाटलंच.”

“तुम्ही मला चुका म्हणून सांगितलंत.”

“मग काय सांगणार होतो? मुलीला आकडे द्यायचे नसतात. मला माझ्या बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. खरं सांगून वाचू नकोस म्हटलं असतं तर तू वाचलंच असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.”

“तर मग मला बसवलंत कशाला?”

“कुणी तरी बसायला हवं होतं. मयताच्या उशाशी मोकळी जागा बरी दिसते का? लोकांना आवाज लागतो. तो तू दिलास. छान दिलास.” ते मनापासून म्हणत होते. “धाकटा येईपर्यंत जागा धरून ठेवायला हवी होती.”

“चौतीस माणसं, बाबा.”

“मी मोजत नाही.”

तिने टेबलाची कड धरली. “तुम्ही शेजारी बसलेले असायचात. तुम्हाला पाठ होतं. उठून त्याच्या कानात सांगता आलं असतं. निदान माझ्या नवऱ्याच्या.”

बाबांनी कप चाचपडला, तिने सवयीने तो त्यांच्या हाताशी सरकवला.

“उठलो असतो तर लोकांना कळलं असतं की तू अर्धवट वाचतेस,” ते म्हणाले. “तुझीच शोभा झाली असती. आणि तो तर बाहेरचा. त्याला आपली वाट सांगून तो जाणार कुठे होता? वरखाली.” आणि ते हसले. थट्टेत हसायचे तसंच.

ती उठली, कामावर गेली. त्या दिवशी तिने एका जाड कोशाच्या घड्या उलट्या शिवल्या. मुकादमाने विचारलं, “बरं नाही का?” ती म्हणाली, “आहे बरं.” बसून सगळं उसवलं.

संध्याकाळी घरी न जाता ती मावशीकडे गेली. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. दोन गल्ल्या सोडून राहणारी शिवणकाम करणारी बाई. आई गेल्यावर थोरलीच्या वेण्या घालणारी ही, शाळेच्या गणवेशाला ठिगळ लावणारी ही, लग्नाचे कपडे शिवणारीही हीच. मावशीचा नवरा त्या चौतिसांतला नववा.

थोरलीने एका दमात सगळं सांगितलं. मावशीने मशीनवरचा पाय काढला.

“म्हणजे आमचे हे दारातच उभे?”

“पोथीत तसं लिहिलंय.”

मावशीने दाराकडे पाहिलं. दारात चपला होत्या, एक केरसुणी होती. “बरं,” ती म्हणाली. “आत येऊन कटकट तरी करत नाहीत.” हसायला म्हणून तिने तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. मग म्हणाली, “आता वाचून नाही का चालणार?”

“तीन दिवसांच्या आत वाचायचं असतं.”

मावशी सुईत दोरा ओवत राहिली. दोरा जाईना. “तू वाचलंस ना, पोरी, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्या रात्री मी झोपले. ते खोटं होतं म्हणून मी काय ती झोप परत देऊ?” मग दोरा खाली ठेवून म्हणाली, “कुणाला सांगू नकोस. चौतीस घरं आहेत. त्यांनाही दारं आहेत. त्यांनी कुठून जायचं-यायचं?”

थोरलीने मान डोलावली.

पुढे दहा-बारा दिवस ती रोज मावशीकडे जायची. घरी जेवण करून ठेवायची, बाबांना वाढायची, त्यांची नखं कापायची, आणि एक शब्द बोलायची नाही. बाबांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी लोकांना सांगून टाकलं होतं की इथून पुढे मुलगा वाचणार, फोन केला की चार तासांत हजर. लोकांना बरं वाटलं. रस्त्यात भेटेल तो थोरलीला म्हणायचा, “सुटलीस बाई एकदाची.” एकट्या मावशीने तसं म्हटलं नाही. एक दिवस तिने विचारलं, “तुला आता येतं का गं ते सगळं?” थोरली म्हणाली, “येतं.” मावशी म्हणाली, “छान झालं,” आणि दुसरं काही बोलायला लागली.

*

मावशी एका सकाळी उठलीच नाही. तिची मुलगी परिचारिका होती, रात्रपाळी करून घरी आली तेव्हा आई थंड होती. थोरली बातमी कळताच गेली. मावशीला अंघोळ घालायला तीच होती. बोटांच्या टोकांवर सुईच्या टोचण्यांचे बारीक काळे ठिपके होते, ते घासूनही गेले नाहीत.

धाकटा दुपारी पोचला. नवा पांढरा शर्ट, हातात पोथी आणि एक वही. वहीत त्याने रेकॉर्डिंग ऐकून सगळं आपल्या रोजच्या लिपीत उतरवून घेतलं होतं. खोली भरली होती, जिन्यापर्यंत माणसं उभी होती. पोथी मुलाकडे गेल्याचं बघायला दुरून-दुरून लोक आले होते. बाबांची खुर्ची उशाशी. थोरली बायकांत भिंतीला टेकून बसली, मावशीच्या पायाशी.

पहिलं पान बरं गेलं. आकड्याला तो वाकला, मावशीच्या कानात काही तरी पुटपुटला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हे त्यांनी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, “हां, पूर्वी असं वाकायचे खरं.” दुसरंही पान गेलं. तिसऱ्याला त्याने पोथीची दोन पानं एकदम उलटली. वहीत एक होतं आणि पोथीत दुसरं. तो थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. वहीत त्याने ओळींना नंबर घातले होते, पण पोथीला नंबर नव्हते. त्याच्या मानेवर घाम आला. त्याने तीच ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा.

“मागे जा,” बाबा म्हणाले.

“कुठे मागे?”

“लाल ठिपक्यापाशी.”

“सगळीकडेच लाल ठिपके आहेत, बाबा.”

कुणी तरी खाकरलं. मावशीची मुलगी उभी होती, हात पोटाशी बांधून. तिच्या डोळ्यांखाली रात्रपाळी होती. थोरलीला बसल्या जागेवरून पान दिसत होतं. कुठली ओळ ते तिला दिसत होतं. तिच्या तोंडात ती ओळ तयार होती.

धाकट्याने वळून पाहिलं. “ताई, ही कुठली गं?”

“आकडा आहे का तिच्यापुढे?”

“आहे.”

“मग ती मला शिकवलेली नाही.”

 बाबांनी मान वर केली आणि जिथून आवाज आला तिकडे तोंड केलं. “बदली,” ते म्हणाले, “ऊठ. वाच.”

असं त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. दर वेळी ‘तूर्तास’ असायचं, ‘चालवून घे’ असायचं. आज त्यांच्या आवाजात कळ होती, आणि ती तिला ऐकू आली. ऐकून तिला बरं वाटलं.  मावशीचे पाय तिच्या समोरच होते, चादरीखाली सरळ. उठायचं, दोन पावलं टाकायची, वाकायचं. एवढंच होतं.

“मला येत नाही, बाबा.”

“सहा वर्षं वाचलंस की,” मागून कुणी तरी म्हणालं.

“तेव्हाही येत नव्हतं.”

कुजबुज उठली. एका बाईने विचारलं, “म्हणजे काय? आमच्या सासऱ्यांना वाचलंस ते?” जिन्यावरून कुणी तरी विचारलं, “काय म्हणाली ती?” थोरली म्हणाली, “बाबांना विचारा.”

बाबांनी खुर्चीत पाठ सरळ केली. मग त्यांचा तो जुना, दारातल्या माणसांसाठीचा आवाज आला. “काही नाही हो. भाऊ आला, पोथी गेली, ते तिला सोसवत नाही. बायकांचा मत्सर. त्यासाठी मढ्याचं घरही चालतं.” त्यांनी उसासा सोडला. “चुकलं माझं. फार लाडावली.”

लोकांनी त्यांचं ऐकलं. ते पटण्यासारखंही होतं. शेजारची बाई थोरलीपासून जरा सरकून बसली. ज्या म्हाताऱ्याच्या बायकोसाठी तिने तापात फणफणत असताना वाचलं होतं, तो म्हणाला, “इथे तरी नको होतं हे.” धाकट्याला बाबांनी सगळं सांगितलेलं होतं. तो वहीत बघत राहिला, जणू तिथे काही सापडणार होतं.

तरीही ती उठू शकत होती. कुणी अडवलं नसतं. ती उठली नाही. तिला वाटत होतं, आणखी जरा वेळ, आणखी जरा यांना कळू दे, मग. धाकट्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा थांबला. खाली गाडी येऊन अर्धा तास झाला होता. शेवटी मावशीची मुलगीच म्हणाली, “पुरे. तिला आता न्या.”

तिला नेली.

*

धाकटा त्याच संध्याकाळी परतला, पुन्हा वाचायला आला नाही. नऊ पोथ्या संग्रहालयात गेल्या. बाईंनी प्रत्येकीला वेगळी पेटी केली. त्यांनी थोरलीला पत्र पाठवलं होतं की रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर वारसाची लेखी परवानगी आणावी. तिला ती नको होती. लोक मेले की आता शेजारपाजारचे बसायचे आणि काही न वाचता उठायचे. पुढे पुढे कुणी बाबांकडेही येईना. बाबा दाराच्या आवाजाला मान वर करायचे.

आठ महिन्यांनी ते गेले. थोरली उशाशी बसायला तयार नाही हे कळल्यावर धाकट्याने संग्रहालयातून रेकॉर्डिंग आणलं आणि छोटा स्पीकर त्यांच्या कानाशी ठेवला. बाबांनी स्वतःलाच वाट वाचून दाखवली. आकड्याला नाव घ्यायचं असतं. रेकॉर्डिंगच्या वेळी मेलेलं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणी ‘अमुक’ म्हटलं होतं. खोलीत थोरली, धाकटा आणि दोन शेजारी. अमुक सुटला, अमुक सुटला, असं बाबा खड्या आवाजात सांगत राहिले. धाकटा रडत होता. शेजाऱ्यांना भाषा कळत नव्हती. थोरलीने स्पीकर बंद केला नाही आणि त्यात काय चुकतंय ते सांगितलंही नाही.

त्यानंतर महिन्याभराने मावशीची मुलगी कारखान्यात आली. जेवणाची सुट्टी होती. बायका डबे उघडून बसल्या होत्या. ती कामाच्या पांढऱ्या कपड्यांवरच आली होती. थोरली हात पुसत दाराशी गेली.

“एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “नऊ-दहा महिने झाले, पण जात नाही डोक्यातून. त्या दिवशी तू भिंतीपाशी बसली होतीस. तुला येत होतं का?”

आत कुणी तरी मोठ्याने हसलं. सरसाचं भांडं शेगडीवर खदखदत होतं.

“हो,” थोरली म्हणाली.

“सगळं?”

“सगळं.”

“आईला ठाऊक होतं? तुला येतं ते?”

“होतं.”

मुलीने मान हलवली. तिचा चेहरा बदलला नाही. वॉर्डात रोज बरंच काही ऐकून घ्यायची सवय असणार. ती वळली, दोन पायऱ्या उतरली, आणि तिथून वर पाहून म्हणाली, “नाही म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.”